स्वतःपुरतं खोटं असतं का?



दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं मुलांना घेऊन बेळगावहून मुरुडेश्वरला दर्शनाला गेलो होतो. तिथून बोटीनं तास-दीड तासावर नेत्राणी बेट आहे. मुलांनी हट्ट धरला, म्हणून तिथं स्कूबा डायव्हिंग करायचं ठरलं. पहिल्यांदा उतरणाऱ्याला पोहता आलंच पाहिजे असं नसतं. शिकवणारा सतत बरोबर असतो आणि १२ मीटरपेक्षा खोल नेत नाही.

किनाऱ्यावर एक फॉर्म भरायला दिला. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं, सर्दी. प्रत्येकापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’. मुलगा १७ वर्षांचा, म्हणून त्याच्या फॉर्मवर सही आमची. त्याला लहानपणापासून दमा. आता पुष्कळ कमी आहे, तरी थंडीत कधीतरी पंप घ्यावा लागतो. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि ‘नाही’वर खूण केली. एवढ्या लांब आलोय, पोराचा हिरमोड नको. शिवाय यात दुसऱ्या कुणाचं काय बिघडतंय? पंप मात्र आठवणीनं पिशवीत घेतला. खोटं कागदावर आणि खरं पिशवीत!

बोटीत शिकवणाऱ्या दादांनी पहिलाच नियम सांगितला: पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. कारणही समजावलं. १० मीटर खोलीवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो. तिथं छातीभर घेतलेली हवा न सोडता माणूस वर आला, तर ती हवा पसरत जाते आणि फुप्फुसाला इजा होते. जिवावरही बेतू शकतं. दम्यात श्वासनळ्या आवळल्या, की श्वास सोडत असतानाही थोडी हवा आत अडकून राहू शकते. म्हणून तर फॉर्ममध्ये विचारतात.

हे ऐकून मुलगा आमच्याकडे न बघताच म्हणाला, “दादा, मला दमा आहे.”

आमची मान खाली गेली. तरीही आम्ही म्हणालो, “आता त्रास नाही हो त्याला. जबाबदारी आमची.” दादा रागावले नाहीत. म्हणाले, “काका, खाली त्याचा हात माझ्या हातात असणार. तो घाबरून सुसाट वर निघाला, तर त्याला धरायला मलाच जावं लागेल. घरी माझीही लेकरं आहेत. डॉक्टरांचं पत्र आणा, मग बघू.”

आमच्यापैकी एकजण मुलाजवळ बोटीत थांबला, दुसरा मुलीबरोबर पाण्यात उतरला. खाली गेल्यावर बोलणं बंद, सगळं खुणांनी. कान दडपला, की नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायची. नाही मोकळा झाला तर कानाकडे बोट दाखवायचं, थांबायचं. रंगीत मासे बघून आम्ही आनंदानं अंगठा वर केला, तर दादा आम्हाला वर न्यायला लागले! तिथं अंगठ्याचा अर्थ ‘छान’ नाही, ‘वर चला’ असा आहे. आम्ही जे सांगू, तेच खरं मानून ते आमचा जीव सांभाळत होते. त्यांच्याकडे दुसरा उपायच नव्हता.

परतताना गाडीत हाच विषय. आपण म्हणतो, खोट्यानं दुसऱ्याचं नुकसान होत नसेल तर चालतं. पण आपलं असं एकट्याचं काय असतं? आपल्याला धरायला कुणीतरी धावणारच असतं. आमच्या त्या एका खुणेनं एका परक्या माणसाचा जीव, त्याला न विचारता, आम्ही पणाला लावला होता.

दुसरी गोष्ट जास्त लागली. श्रद्धा म्हणजे गुरूंच्या हाती स्वतःला सोपवणं, असं आम्ही इतकी वर्षं मानत आलो. तेही आम्हाला तिथं आठवलं होतं: “गुरू आहेत पाठीशी, काही होत नाही.” पण दुखणं लपवून सोपवलं, तर सोपवलं काय? गुरूंसमोर बसूनही आम्ही “सगळं छान चाललंय” म्हणतो, आणि घरातला अबोला, डोक्यावरचं कर्ज घरीच ठेवून जातो. गुरू जाणतात, हे खरं. पण सांगायचं त्यांना कळावं म्हणून नाही. आपण लपवणं थांबवावं म्हणून.

मुलाला नंतर छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. तपासण्या चालू आहेत, त्याला कधी उतरता येईल का, ते ठरायचंय. त्या दिवशी तो बोटीत बसून बहिणीचे बुडबुडे मोजत होता. वाईट वाटलं का, विचारलं तर म्हणाला, “वाटलं ना. पण तुम्ही सही केलीत, त्याचं जास्त वाटलं.”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हे लिहिलं. या गुरुवारी घरी सगळे एकत्र बसाल, तेव्हा एकमेकांना विचारा: आपल्या घरात कुठला ‘हो’ आपण ‘नाही’ म्हणून लिहून ठेवलाय?

जय गुरुदेव.