खरे शब्द आणि खोटा समज

मनुष्याने एकही खोटा शब्द उच्चारला नाही, तरी तो खोटे बोलला असे होऊ शकते काय? हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा आहे असे कोणी समजू नये. आमच्या खेड्यांतील लहान दुकानदारांपुढे तो आज दूरध्वनीवरून येऊन उभा राहतो, आणि आमच्या मंडळ्यांतील जे तरुण दूरध्वनीवर माल विकण्याची नोकरी करितात त्यांस त्याचे उत्तर रोज आपल्या जिभेने द्यावे लागते. यास्तव त्याचा विचार शांतपणे करणे अगत्याचे आहे.

वसई तालुक्यातील निर्मळची जत्रा पुष्कळ वाचकांस ठाऊक आहे. कार्तिक महिन्यात तेथील शंकराचार्यांच्या समाधिस्थानी यात्रा भरते, आणि वसईची सुकेळी, भांडीकुंडी, खेळणी व कपडे यांची खरेदी-विक्री करावयास सर्व धर्मांचे लोक तेथे जमतात. जत्रेत लबाडी मुळीच होत नाही असे आमचे म्हणणे नाही. तथापि तेथे घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तागडी असते, माल हातात घेऊन पाहता येतो, आणि विकणाऱ्याचे तोंड दिसते. पुढच्या वर्षी त्याच जागी पाल ठोकावयाचे आहे, ही लाजही विकणाऱ्यास आवरून धरिते. लेवीयच्या १९ व्या अध्यायात आणि नीतिसूत्रांच्या ११ व्या अध्यायात खऱ्या वजनमापांविषयी जी आज्ञा व ताकीद आहे, ती अशा डोळ्यांदेखतच्या बाजारास समजावयास सोपी आहे.

परंतु ज्या बाजारात तागडीच दिसत नाही, तेथे काय करावे? उत्पत्तीच्या २७ व्या अध्यायातील वृद्ध इसहाकाची दृष्टी मंद झाली होती. वाणी याकोबाची आहे असे त्यास वाटले; पण हात चाचपून पाहता ते एसावाचे भासले, म्हणून तो फसला. दूरध्वनीवर आम्ही इसहाकाहूनही अधिक आंधळे असतो, कारण आम्हांस चाचपावयास हातदेखील मिळत नाही. केवळ एक गोड वाणी कानी पडते, आणि तिच्यावरूनच होय किंवा नाही म्हणावे लागते.

हल्ली गिऱ्हाईक रोख पैशाऐवजी कार्ड पुढे करिते, म्हणून लहान दुकानदारासही कार्ड स्वाइप करण्याचे मशीन हवेसे वाटते. अशा वेळी दूरध्वनी येतो. बोलणे साधारण या प्रकारचे असते: “शेठ, मशीन अगदी फुकट. दर फक्त शेकडा दोन. आज होय म्हणा, उद्या माणूस येऊन बसवून जाईल.” यातील प्रत्येक शब्द कदाचित खरा असेल. मशीनची किंमत घेतली जात नाही, हे खरे. दर शेकडा दोन, हेही खरे. परंतु मशीनचे मासिक भाडे निराळे. भाड्यावर शेकडा अठरा जीएसटी निराळा. आणि भाडे खात्यातून दरमहा आपोआप वळते करून घेण्याची संमती त्याच सहीत गुंतलेली, हे मात्र त्या गोड वाणीने सांगितलेले नसते.

हिशेब करून पाहू. समजा, एका किराणा दुकानात महिन्यास वीस हजार रुपयांची विक्री कार्डावर होते, आणि मशीनचे भाडे चारशे रुपये आहे. शेकडा दोन या दराने चारशे रुपये झाले. भाड्याचे चारशे मिळवून आठशे. भाड्यावर शेकडा अठराप्रमाणे जीएसटी बहात्तर. एकूण आठशे बहात्तर रुपये गेले. म्हणजे खरा दर शेकडा दोन नसून सव्वाचाराहून अधिक पडला. ज्या मालावर दुकानदारास शेकडा पाच-सहा सुटतात, त्या मालाची बहुतेक मिळकत यंत्राच्या पोटी गेली. त्या दुकानदाराने फसलो असे म्हटले, तर विकणारा कागद दाखवून उत्तर करील की, आम्ही खोटे काय बोललो?

दुसराही एक प्रकार आहे. रुपे डेबिट कार्डाने आणि बँक खात्यातून यूपीआयने पैसे घेतल्यास व्यापाऱ्याकडून दलाली घेऊ नये, असा नियम सरकारने १ जानेवारी २०२० पासून लागू केला. तेव्हा “आमच्याकडे यूपीआयवर काही कापले जात नाही” असे जो आपल्या कंपनीचा खास उपकार म्हणून सांगतो, तो कायद्याने सर्वांस दिलेली वस्तू आपल्या पदरची म्हणून विकतो. विहिरीचे पाणी गावाचे, आणि पाणी पाजल्याचा उपकार याचा! येथेही शब्द खरे आणि समज मात्र खोटा.

हा रोग आमच्याच देशाचा आहे असेही नाही. अमेरिकेत कार्डांचे पैसे वळते करून देणाऱ्या फर्स्ट अमेरिकन पेमेंट सिस्टिम्स या कंपनीविरुद्ध तेथील फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी मंडळाने २०२२ साली दावा दाखल केला. शुल्क किती पडेल व बचत किती होईल याविषयी लहान व्यापाऱ्यांस खोट्या आशा दाखविल्या, करार सहज मोडता येईल असे भासवून प्रत्यक्षात त्यांस अडकवून ठेविले, आणि ज्यांस इंग्रजी नीट येत नाही असेही पुष्कळ व्यापारी त्यांत सापडले, असा आरोप होता. दाव्याचा निकाल तडजोडीने झाला आणि व्यापाऱ्यांस परत देण्यासाठी कंपनीस ४९ लाख डॉलर भरावे लागले. धनवान देशातही दुबळ्यालाच आधी गाठले जाते, हे यावरून दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. असत्य कोठे राहते? ते शब्दांत राहते असे म्हटले, तर वरील विक्रेता निर्दोष ठरतो. परंतु आमच्या देशबांधवांच्या महाभारतातही असे मानलेले नाही. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता. त्यावरून द्रोणाचार्यांचा पुत्र मेला असा समज त्यांच्या मनात जावा अशा रीतीने धर्मराज बोलला, आणि भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, अशी ती कथा आहे. पवित्र शास्त्र तर याहूनही स्पष्ट आहे. प्रेषितांच्या कृत्यांचा ५ वा अध्याय लक्षपूर्वक वाचावा. हनन्याने जमीन विकली, किमतीचा काही भाग मागे ठेविला, आणि उरलेला प्रेषितांच्या चरणांपाशी आणून ठेविला. त्या वर्णनात त्याच्या तोंडचा एकही शब्द लिहिलेला नाही. त्याने आणलेले नाणे खोटे नव्हते; जमीन विकली ही गोष्टही खोटी नव्हती. भाग आणला आणि तो सर्वस्व समजला जावा असा बेत केला, एवढेच त्याचे कृत्य. तरी पेत्राने त्यास देवाशी खोटे बोलणे असेच म्हटले.

यावरून आमचे म्हणणे असे की, असत्याचे बीज शब्दांत नसून, शेजाऱ्याच्या मनात जो समज आपण बुद्धिपुरस्सर पेरतो त्यात असते. बी पेरणाऱ्याने “मी फक्त मूठ उघडली” असे म्हणून चालत नाही; पिकाचा धनी तोच.

यावर कोणी म्हणेल की, व्यापाऱ्याने आपली प्रत्येक गोष्ट सांगितलीच पाहिजे काय? माल कितीस आणला हे वाणी कधी सांगतो? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. सर्व मौन हे पाप नव्हे. वाण्याने खरेदीचा भाव सांगितला नाही, तरी गिऱ्हाइकास किती द्यावयाचे हे पक्के कळलेले असते. त्याच्या निवाड्याचा पाया शाबूत राहतो. परंतु ऐकणारा ज्या गोष्टीवर आपला निर्णय टेकवीत आहे हे आपणांस ठाऊक आहे, तीच गोष्ट झाकली, तर ते मौन मौन राहत नाही. ते बोलू लागते, आणि खोटे बोलते. एक साधी कसोटी सांगतो. सौद्याच्या आधी समोरच्यास सर्व काही कळले, तर मला आनंद होईल की भीती वाटेल? भीती वाटत असेल, तर माझी तागडी खोटी आहे.

दुसरा प्रश्न याहून कठीण आहे. तो दूरध्वनी करणारा बहुधा कंपनीचा मालक नसतो. तो वीस-बावीस वर्षांचा नोकर असतो; त्याच्यापुढे छापील कागद असतो, त्यात जे लिहिले तेच त्याने वाचावयाचे, आणि महिन्याचा आकडा भरला नाही तर नोकरी जावयाची. मग पाप कोणाचे? हा प्रश्न आमच्या दारापासून लांब नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये वसईच्या खाडीपलीकडे मीरा रोड येथे ठाणे पोलिसांनी काही कॉल सेंटरांवर धाड घातली. तेथून अमेरिकेतील लोकांस कर खात्याचे अधिकारी म्हणून धमकावून पैसे उकळले जात होते. सुमारे सत्तर जणांस अटक झाली, आणि सातशेहून अधिक जणांस चौकशीस तोंड द्यावे लागले. त्यांत तरुण पुष्कळ होते. तेथील असत्य उघडे व निर्लज्ज होते; अर्ध्या सत्याच्या विक्रीहून तो गुन्हा मोठा. परंतु दोहोंकडे दूरध्वनी तोच, पुढचा कागद तसाच, आणि “आम्ही केवळ वाचले” हे उत्तरही तेच.

या उत्तराची परीक्षा त्याच ५ व्या अध्यायात झाली आहे. सप्पीरा तीन तासांनी आत आली. बेत नवऱ्याबरोबर ठरलेला होता. तिने केवळ ठरलेला आकडा पुन्हा सांगितला. पेत्राने तिला वेगळे विचारले. म्हणजे नवऱ्याच्या बेतातून बाहेर पडण्याची संधी तिला तिची म्हणून मिळाली होती, आणि उत्तरही तिचे म्हणूनच धरले गेले. मालकाचा दोष अधिक, यात शंका नाही. ज्यास अधिक कळते त्याचा झाडाही अधिक, असे प्रभूने लूकच्या १२ व्या अध्यायात शिकविले आहे. परंतु मालकाचा दोष मोठा आहे म्हणून नोकराचा शून्य होत नाही. जीभ भाड्याने देता येते. त्या जिभेचा हिशेब भाड्याने देता येत नाही.

मग अशा तरुणाने काय करावे? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, तेव्हा त्याने त्यांस जकातनाका सोडावयास सांगितले नाही. ठरल्याहून अधिक घेऊ नका असे सांगितले. दूरध्वनीवर माल विकणे हे पाप नव्हे. भाडे इतके, दर इतका, करार इतक्या महिन्यांचा, असे पहिल्याच बोलण्यात सांगूनही मशीन विकता येते. तरुणाने प्रथम असे करून पाहावे. आकडा कमी भरेल, वरिष्ठ रागावेल, ते सोसावे. मालकाने खरे सांगण्याची मनाईच केली, तर ती नोकरी सोडावी, असे आम्ही म्हणतो. परंतु हे म्हणताना आमचा हात कापतो, कारण घरी म्हातारे आईबाप व बहिणीच्या शिक्षणाचा खर्च असतो, हे आम्हांस कळते. म्हणून मंडळीस आमचे सांगणे असे की, सत्यासाठी ज्याची भाकर गेली त्यास केवळ आशीर्वाद देऊन निरोप देऊ नका. याकोबाच्या पत्राच्या २ ऱ्या अध्यायात अशा कोरड्या शब्दांची काय किंमत केली आहे ती पाहा. त्यास दुसरे काम मिळेपर्यंत त्याच्या चुलीची काळजी वाहणे हे मंडळीचे काम आहे. जी मंडळी एवढे करणार नाही, तिने “नोकरी सोड” असा उपदेश करू नये.

दुकानदार बंधुभगिनींस दोन शब्द. दूरध्वनीवर होय म्हणू नका. “कागद मराठीत पाठवा, वाचून सांगतो” एवढेच म्हणा. खरा विक्रेता थांबतो. लबाडास आजच उत्तर हवे असते. दर किती हे विचारू नका. महिन्यास माझ्या खात्यातून एकंदर किती रुपये जातील, आणि करार मोडल्यास किती द्यावे लागतील, हे विचारा. पैसे घेण्यासाठी पिन किंवा ओटीपी कधीही लागत नाही. तो मागणारा चोर समजावा. बँकेकडे केलेल्या तक्रारीचे तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. उघड चोरी झाली असल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

उपदेशक बंधूंस शेवटची विनंती. फसलेला मनुष्य बहुधा बोलत नाही. पैसे गेले याहून, आपण मूर्ख ठरलो ही लाज त्यास अधिक जाळते. आणि त्याच्या मौनामुळे शेजारचा दुकानदार त्याच वाणीस बळी पडतो. उपासनेनंतर मंडळी जमलेली असता अशा गोष्टी मोकळेपणी बोलल्या जाव्या, कोणी हसू नये, आणि लिहितावाचता येणाऱ्याने न येणाऱ्याचा करार वाचून द्यावा. ही सेवाही सुवार्तेचीच आहे.

निर्मळ हे एका गावाचे नाव आहे, तसेच ते अंतःकरणाचे एक वर्णनही आहे. तळ्याचे पाणी वर स्वच्छ दिसले म्हणून ते निर्मळ ठरत नाही. हंडा बुडविल्यावर गाळ वर येतो की नाही, यावरून ते ठरते. आमच्या बोलण्यातही शेजाऱ्याने हंडा बुडवावा, आणि त्यास गाळ सापडू नये. आमचे होय हे होय असावे आणि नाही हे नाही असावे, ही प्रभूची आज्ञा आहे. आणि आमचे होय ऐकणाऱ्याच्या मनातही तेच होय होऊन पोहोचावे, एवढा तिचा अर्थ आम्ही धरितो.