वेग कोणाचा, धोका कोणाचा?

यंत्रांत सुधारणा करावी कीं करूं नये, हा प्रश्न कारागिरीचा आहे, नीतीचा नव्हे, असें आम्हांला परवांपर्यंत वाटत होतें. अमरावतीचे आमचे एक स्नेही आपली जुनी पेट्रोलची पिकअप घेऊन अकोल्यास एका मिस्त्रीकडे निघाले, तेव्हां आम्हीही सहज बरोबर गेलों. गाडीला मोठा कार्बोरेटर बसवावा, असा त्यांचा मानस होता.

त्याला निमित्त रस्त्याचें. याच वाटेवर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरांचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्यें १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातला गेला व त्याची गिनीज बुकांत नोंद झाली. रस्ता सुधारला, मग गाडीनेंच मागें कां राहावें, असें स्नेह्यांचें म्हणणें.

कार्बोरेटरचें काम प्रमाण राखण्याचें. हवा त्याच्या अरुंद गळ्यांतून जातांना तिचा वेग वाढतो, दाब घटतो आणि त्या ओढीनें पेट्रोल बारीक छिद्रांतून वर येतें. एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. गळा मोठा केला, तर भरवेगांत इंजिनास अधिक श्वास मिळतो. पण मंद गतींत ओढ दुबळी पडून गाडी गचके खाते. मोठें तें सर्वकाळ चांगलें, हें यंत्रालासुद्धां मान्य नाहीं!

मिस्त्रींनीं बॉनेटला हातही लावला नाहीं. चाकाशीं बसून ब्रेक पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, गाडी पयीन, पन थांबीन काय?"

वेग दीडपट झाला, कीं थोपवावयाची शक्ति सव्वादोन पट होते. ब्रेक मात्र जुन्या ड्रमचेच. "गाडी माझी, जीवही माझा," असें स्नेही म्हणाले खरे. पण मूर्तिजापुराजवळ कापसाची बैलगाडी हांकणाऱ्याचा जीव त्यांचा नव्हता, व त्याची संमति कोणीं विचारली नव्हती.

यावर एक आक्षेप आम्हांलाच सुचला. 'हें पेलणार नाहीं' हें उत्तर तर प्रत्येक सुधारणेला मिळत आलें आहे. याच अकोल्यास शिकलेल्या आगरकरांनीं १८८८ सालीं 'सुधारक' काढलें. त्यांनीं समाज पेलेपर्यंत वाट पाहावयास हवी होती काय? खचित नव्हे. कारण तेथें विलंबाची किंमत विधवा व मुली भरीत होत्या. येथें विलंबानें बुडतो तो गाडीवाल्याचा अर्धा तास, आणि घाईची किंमत मात्र भलताच भरतो. दोन्ही गोष्टींना आपण 'सुधारणा' हा एकच शब्द लावतों, तेथेंच घोटाळा होतो.

स्नेह्यांनीं ब्रेकचे लायनर बदलून घेतले. जुन्याच कार्बोरेटरचे जेट साफ करवून घेतले. परततांना गाडी अधिक शांतपणें चालली, निदान आम्हांला तरी तसें वाटलें. नवा कार्बोरेटर अद्याप त्यांच्या ओसरीवर खोक्यांत पडून आहे. तो परत करावयास ते राजी नाहींत, व आम्हीही फार आग्रह धरलेला नाहीं.