दाराबाहेरचा बाक

वरवट बकाल हे बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातलं वर्दळीचं गाव. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं बियाणं, फवारणीचं औषध, लग्नाचा बस्ता असल्या सगळ्या कामांसाठी इथं उतरतात. ग्रामीण रुग्णालयही इथंच. समजा, अशाच एखाद्या गावातल्या सरकारी दवाखान्यात, समुपदेशकाच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक कास्तकार बसला आहे. दोन महिन्यांपासून झोप नाही, जेवण जात नाही, फवारणीच्या डब्याकडे नजर गेली की तिथंच थांबते. बायकोनं भांडून पाठवलं म्हणून तो आला. तेवढ्यात त्याच्याच गावचा एक सोयरा समोर उभा राहतो. “काहून गा, इकडं कसा?” “काही नाही, बीपी पाह्याले आलो.” एवढं बोलून माणूस उठतो आणि थेट एसटी गाठतो.

आतल्या समुपदेशकानं अजून तोंडही उघडलेलं नाही. तरी गुप्तता गेली आणि तिच्यासोबत रुग्णही गेला.

समुपदेशनाच्या नीतिशास्त्राची पुस्तकं दार बंद झाल्यानंतर सुरू होतात. खोलीत दोघंच आहेत, ते एकमेकांना ओळखत नाहीत, तास संपला की आपापल्या वाटेनं जातील, असं त्यांत गृहीत धरलेलं असतं. पुण्या-मुंबईत हे थोडंफार खरंही असतं. वऱ्हाडातल्या खेड्यात मात्र समुपदेशकाची मावशी रुग्णाच्या भावकीत दिलेली निघते. दवाखान्यात पहिला प्रश्न ‘काय होतंय?’ हा नसतोच. ‘सोबत कोण आलंय?’ हा असतो. सोबत आलेला दीर किंवा चुलता आत येऊन खुर्ची ओढून बसतो आणि रुग्णाच्या वतीनं बोलू लागतो. त्याला बाहेर जा म्हणणं हा समुपदेशकाच्या कौशल्याचा खरा कस आहे.

एखादी गोष्ट उघडी पडली की काय होतं, ते या भागानं पाहिलं आहे. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव आणि भोवतालच्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. १८ गावांतली २७९ माणसं. कॅमेरे आले, टक्कल पडलेली डोकी नावागावासह देशभर दिसली. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पण तोवर गावांवर शिक्का बसला होता आणि लग्नं मोडल्याच्या बातम्याही येऊन गेल्या होत्या. केसांपायी एवढं झालं. तिथं ‘डोक्याचा दवाखाना’ चालू असलेल्या माणसाच्या घरी सोयरीक घेऊन कोण जाणार?

कायद्याला हे कळत नाही असं नाही. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं २३वं कलम रुग्णाला गुप्ततेचा हक्क देतं. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा माहिती माध्यमांना द्यायला २४वं कलम मनाई करतं. गुप्ततेच्या हक्काला अपवादही मोजके आहेत: उपचारात सहभागी असलेले इतर डॉक्टर, रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी, कुणाच्या जिवाला धोका, न्यायालयाचा किंवा तशाच अधिकृत यंत्रणेचा आदेश, सार्वजनिक सुरक्षितता. अडचण वेगळीच आहे. या कायद्यातल्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत मानसोपचारतज्ज्ञ बसतो, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बसतो, मनोविकार परिचारिका बसते. नुसता ‘समुपदेशक’ बसत नाही. आशाताई तर नाहीच नाही.

आणि खेड्यात मनाची पहिली विचारपूस करते ती आशाताईच. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी राज्य सरकारनं २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. त्यात बुलढाणाही आहे. आशांनी घरोघरी जाऊन शेतकऱ्यांना प्रश्न विचारायचे, धोका दिसेल त्याला पुढे पाठवायचं. कल्पना चांगली आहे. गावातल्याच माणसांना तयार केलं तर काय होतं, हे शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं दाखवून दिलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण तिथं ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे ओळखीची बाईच दार उघडू शकते. पण प्रश्नावली भरली जाते ओसरीवर. सासू गहू निवडत बसलेली, पोरं अंगणात, शेजारीण भिंतीवरून डोकावतेय, आणि विचारायचं काय, तर मरावंसं वाटतं का. ‘नाही’ हे उत्तर तिथं ठरलेलंच असतं. तो कागद ‘धोका नाही’ असं सांगत वर जातो. गुप्तता नसली की रुग्णाची अब्रू जातेच, शिवाय हाती येणारी माहितीही खोटी निघते.

याहून अवघड गाठ नोंदवहीत आहे. शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर राज्य सरकारकडून वारसांना एक लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा ही कारणं सिद्ध व्हावी लागतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. आता समुपदेशकाचा विचार करा. समोरचा माणूस सांगतो की कर्ज आहे, पण दारूही वाढली आहे आणि भावाशी शेताच्या धुऱ्यावरून कोर्टात वाद चालू आहे. प्रामाणिक समुपदेशकानं हे लिहून ठेवायला हवं. पुढच्या डॉक्टरला ते कळलं पाहिजे. उद्या हा माणूस गेलाच, चौकशीत तो कागद पुढे आला आणि त्यावर ‘व्यसन’, ‘कौटुंबिक कलह’ एवढे दोन शब्द दिसले, तर त्याच्या बायकोचं प्रकरण कुठल्या गठ्ठ्यात पडेल? माणूस एका कारणानं मरत नाही, हे समुपदेशकाला ठाऊक असतं. सरकारी रकान्यात मात्र एकच कारण मावतं. म्हणून काही जण लिहायचंच टाळतात. ते दयाळूपणाचं असेल, योग्य नाही. कारण रिकाम्या नोंदीचा फटका जिवंत रुग्णाला बसतो. विष घेऊन आलेल्या माणसाचे नातेवाईक ‘फवारताना नाकातोंडात गेलं’ असं सांगतात, तेही याच भीतीतून. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर खटला चालवू नये, तो तीव्र तणावाखाली होता असं मानावं, हे मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५व्या कलमानं सांगितलं. पण दवाखान्यातून पोलिसांकडे जाणाऱ्या कागदाची धास्ती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या टोकाला, गप्प बसणं हाच गुन्हा ठरतो अशाही जागा आहेत. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही कळवली नाही, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली शिक्षा होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहिती न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानं २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निकाल फिरवला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं स्पष्ट केलं. इथं कुणाचंही दुमत असू नये. पण याच कायद्यात सतरा वर्षांची, स्वखुशीनं प्रेमात पडलेली मुलगीही सापडते. तिनं विश्वासानं सांगितलं की समुपदेशकापुढे दोनच वाटा उरतात: तिचा विश्वास मोडायचा किंवा कायदा. गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीची ओळख तिच्या विनंतीवरून पोलिसांना न सांगण्याची सवलत सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात दिली, पण ती डॉक्टरांना. समुपदेशकाचं काय, हे तिथं सुटलेलं नाही.

साक्षीच्या पिंजऱ्यातही समुपदेशकाला आडोसा नाही. पक्षकाराचं बोलणं वकील उघड करू शकत नाही. नवरा-बायकोच्या आपसातल्या बोलण्यालाही साक्ष कायद्याचं संरक्षण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही डॉक्टर आणि समुपदेशक यांना तसं कवच मिळालेलं नाही. शेतीच्या वादाचा दावा लढणारा माणूस वकिलाजवळ जेवढा निर्धास्त असतो, तेवढा मन मोकळं करताना नसतो.

वाट काढायची तर एक चांगला नमुना आपल्याकडेच आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात जोडीदाराला सांगण्याची वेळ आली तर काय करायचं, याचा क्रम घालून दिला आहे. जोडीदाराला खरंच मोठा धोका असला पाहिजे. आधी रुग्णालाच सांगण्यासाठी समजवायचं. तो सांगणार नाही याची खात्री झाली, तर ‘आता मी सांगणार आहे’ हे त्याला कळवायचं. आणि मगच, समोर बसवून, समुपदेशन करून जोडीदाराला सांगायचं. यात विश्वास मोडत असला तरी पाठीमागून मोडत नाही. हाच क्रम सगळ्या समुपदेशनाला लावता येईल. त्यासाठी पहिल्याच भेटीत, रुग्णानं काही सांगायच्या आत, सीमा सांगायला हव्यात, आणि त्याही छापील संमतीपत्रातल्या भाषेत नकोत. “भाऊ, तुम्ही सांगसान ते इथंच राहीन. पण तुमच्या नाहीतर दुसऱ्याच्या जिवाले धोका दिसला, किंवा लहान लेकराची गोष्ट असली, तं मले सांगाच लागन. अन् कोणाले सांगतो, हे आधी तुम्हाले सांगीन.” एवढं बोलायला अर्धं मिनिट पुरतं. हे ऐकून काही जण उठून जातील. त्यांना जाऊ द्यावं, कारण फसवून मोकळं केलेला माणूस पुन्हा कुणाहीपुढे तोंड उघडत नाही.

आणि आधी तो बाक हलवावा. ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लावलेली, व्हरांड्याच्या टोकाची वेगळी खोली नको. बीपी-शुगर तपासायच्या खोलीला लागूनच समुपदेशकाला जागा द्यावी, रांग एकच ठेवावी, दाराला कडी लावावी. मग त्या कास्तकाराला सोयऱ्यासमोरून उठून जावं लागणार नाही, आणि ‘बीपी पाह्याले आलो’ हे उत्तर खोटंही ठरणार नाही.