सरसाची कैफियत

चित्रकाराने आपले रंग बाजारातून नळीत भरलेले आणावेत की घरी खलात घोटावेत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा व खर्चाचा आहे. परंतु ज्याने एकदा पिवळी माती पाण्यात कालवून, जड वाळू तळाशी बसू देऊन, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात निथळून घेतले आणि दोन दिवसांनी तेथे जमलेला लोण्यासारखा मऊ थर बोटाने चाचपून पाहिला, त्याला आपला व्यवहार कोणत्या द्रव्याशी चालला आहे हे फार काळ विसरता येत नाही. मला तर या उद्योगाने चित्रकलेतून ओढून थेट न्यायशास्त्राच्या दारात नेऊन उभे केले.

निमित्त झाले ते एका लोखंडी तव्याचे. वाळलेली पिवळी माती त्यावर पसरून चांगली तापवली की ती प्रथम तपकिरी व मग हळूहळू गेरूसारखी तांबडी होते. रसायनशास्त्राची साक्ष अशी की, सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या आगेमागे त्या मातीतील लोहसंयुगात बांधलेले पाणी निघून जाते, आणि लोह जेथल्या तेथे राहून तांबडे दिसू लागते. आपल्याकडील तार्किकांनी या प्रकाराला ‘पाकज रूप’, म्हणजे पाकाने (तापण्याने) आलेला रंग, असे नाव देऊन त्यावर शतकानुशतके तकरार चालवली, मात्र त्यांचा दाखला मातीच्या ढिगाचा नसून कुंभाराच्या घटाचा होता. वैशेषिकांचे म्हणणे असे की, अग्नीच्या आघाताने कच्चा घट परमाणूंपर्यंत विघटित होतो, परमाणूंचा काळा रंग जाऊन त्यांना तांबडा येतो आणि त्यांपासून नवा घट घडतो. हे सर्व इतक्या त्वरेने होते की डोळ्याला त्याचा पत्ता लागत नाही. नैयायिकांना हे मान्य नाही. घट सच्छिद्र असल्यामुळे अग्नी आत शिरतो व तोच घट रंग बदलतो, असे ते म्हणतात. कारण ‘हा तोच’ ही ओळख आपल्याला पटते, आणि भट्टीत एकावर एक रचलेल्या घटांपैकी खालचे क्षणभर जरी नाहीसे होते, तरी वरची उतरंड कोसळली असती. हा दुसरा युक्तिवाद करणारा पंडित कधीतरी कुंभारवाड्यात जाऊन उभा राहिला असावा, असे मला नेहमी वाटते.

मातीच्या बाबतीत कोण जिंकले याने चित्रकाराचे काही बिघडत नाही. बिघडते ते सरसाशी गाठ पडल्यावर.

नुसती माती भिंतीवर ठरत नाही. वाळली की बोटाला लागते. तिला धरून ठेवायला काही चिकट द्रव्य लागते, आणि कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराने शके १०५१ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लासा’त त्याची कृती स्पष्ट दिली आहे: म्हशीचे ताजे कातडे पाण्यात लोण्यासारखे मऊ होईपर्यंत शिजवावे, त्याच्या कांड्या करून उन्हात वाळवाव्यात आणि लागेल तेव्हा कढत पाण्यात विरघळवून घ्याव्यात. हाच सरस, आणि त्याचे तेथले नाव वज्रलेप. देवाच्या झिजलेल्या मूर्तीवर आज जो लेप देतात त्यालाही हेच नाव आहे, द्रव्य मात्र निराळे. आणि तीर्थक्षेत्री केलेले पाप ‘वज्रलेप’ होते असे आपण म्हणतो, तेव्हा तो शब्द कोणत्या हंडीतून आला याची बहुधा कोणी चौकशी करीत नाही.

तर प्रश्न असा: ज्या भिंतीवर देव किंवा करुणामूर्ती बोधिसत्त्व काढायचा, ती कातड्याच्या काढ्याने सारवणे धर्माला कसे चालले? तिबेटी थांगका-चित्रांतील अवलोकितेश्वरही अशाच सरसात कालवलेल्या रंगांनी उमटतो. आपल्या घरचाही मामला फारसा निराळा नाही. पूजेला नेसायचे रेशमी सोवळे उकळत्या पाण्यात टाकलेल्या कोशांतून निघते, आणि विठ्ठलासमोर वाजणाऱ्या पखवाजाच्या दोन्ही तोंडांना चामडेच असते.

येथे वैशेषिकांचे मत मोठे सोयीचे पडते. त्यांचा सिद्धांत शौचाशौचाच्या निर्णयासाठी रचलेला नव्हता, मी तो तिकडे ओढीत आहे, हे कबूल. पण पाकात जुनी वस्तू नष्टच होत असेल, तर हंडीतून निघाला तो सर्वस्वी नवा पदार्थ, आणि म्हशीचा त्याच्याशी संबंध संपला. चित्रकाराला याहून उत्तम माफीनामा कोणी लिहून द्यायचा? दुर्दैवाने वस्तुस्थिती त्यावर सही करीत नाही. कातडे शिजते तेव्हा त्यातील तंतूंची वीण उसवते, आणि उसवलेले तेच तंतू थंड होताच पुन्हा एकमेकांत गुंतून थिजतात. सरसाची पकड ती हीच. शिवाय तो फार उकळला तर चिकटेनासा होतो, म्हणजे त्यातले कातडेपण जितके टिकेल तितकाच तो कामाचा. आणि श्रावणात, हवा दमट असताना, नवा लेप दिलेल्या माझ्या खोलीत जो वास कोंडून राहतो, तो नव्या पदार्थाचा नसतो. प्रत्यभिज्ञा, म्हणजे ‘हा तोच’ ही ओळख, केवळ डोळ्यांनाच होते असे नैयायिकांनीही कोठे म्हटले आहे?

म्हणून माझा निकाल नैयायिकांच्या बाजूने आहे. पावित्र्य पाकाने येते असे मानायला माझी हरकत नाही. मातीला तांबडा रंग येतो तसे ते येत असेल. परंतु ते आल्याने पूर्वीची वस्तू नाहीशी होत नाही. तीच पवित्र होते, आणि तिचे देणे तिच्याबरोबर चित्रात राहते. बाभळीचा डिंक वापरून हे देणे टाळता येते, आणि कागदावर मी तोच वापरतो. भिंतीच्या कामाला मात्र त्याचा भरवसा मला वाटत नाही, दमट हात लागला की रंग सुटू लागतो. सरसाच्या कांड्या माझ्या फडताळात डिंकाच्या डब्याशेजारीच असतात, आणि त्यांच्या डब्यावर मी ‘सरस’ असे न लिहिता ‘म्हशीचे कातडे’ असे लिहून ठेवले आहे.