साध्यनिश्चय आणि काळाचा विनियोग

साधकाला त्याचे साध्य विचारले असता तो विलंब न लावता उत्तर देतो. अनुसरण घेतलेला भिक्षू असो वा गृहस्थाश्रमी वासनिक असो, परमेश्वरप्राप्ती हेच आपले साध्य याविषयी त्याच्या मनात संदेह नसतो. त्याच साधकाला कालचा तिसरा प्रहर कशात गेला असे विचारले, तर मात्र उत्तर लवकर सापडत नाही. साध्य अनिश्चित असल्यामुळे काळ व्यर्थ जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या मते हे निदान अपुरे होय. पुष्कळदा साध्य इतके उदात्त आणि इतके दूरचे असते की, त्याच्या छायेत आळसही निर्धास्तपणे निद्रा करतो. ज्या साध्यातून आजच्या प्रहराचे कर्तव्य निष्पन्न होत नाही, त्या साध्याला निश्चित म्हणावे काय, हा येथे विचारणीय प्रश्न आहे.

याकरिता एक लौकिक दृष्टांत घेऊ. आंबेगाव तालुक्यातील मंचर सोडून नाशिकच्या वाटेने उत्तरेस निघाले असता जुन्नर तालुक्यातील नारायणगाव लागते. तेथून पूर्वेस खोडद गावाच्या शिवारात पोलादी तारांच्या जाळीच्या महाकाय तबकड्या आकाशाकडे मुख करून उभ्या आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेली ही रेडिओ दुर्बीण होय. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या असून त्यांपैकी १४ मध्यभागी, तर उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरदूर पसरलेल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) हे या योजनेचे प्रणेते. इ. स. २००२ पासून ही दुर्बीण जगभरच्या अभ्यासकांस खुली झाली.

दुर्बिणीच्या आकाराहून तिच्या काळाची वाटणी आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. वर्षाची दोन आवर्तने करून अभ्यासकांकडून अर्ज मागविले जातात. मागणी फार आणि तास थोडे, म्हणून एक समिती प्रत्येक अर्ज पारखून घेते. “मला विश्वाचा आरंभ जाणून घ्यावयाचा आहे” एवढेच लिहिणाऱ्यास एक तासही मिळणार नाही. कोणत्या ज्योतीकडे पाहावयाचे, कोणत्या तरंगलांबीवर, किती तास, आणि तितकेच तास का, हे त्याला लिहावे लागते. विश्वाचा आरंभ जाणण्याची त्याची आकांक्षा खोटी नसते. परंतु आकांक्षेपासून तासापर्यंत उतरून येण्याची पायरी त्याने बांधलेली असावी लागते.

दार्ष्टांतिक उघड आहे. विजन, भिक्षा, भोजन, अटन, निद्रा ही भिक्षूच्या दिनचर्येची अंगे पूर्वाचार्यांनी ठरवून दिली, ती याच पायरीसाठी. विजनात बसावयाचे हे ठरले. पण कोणत्या लीळेचे स्मरण करावयाचे, हे बसण्यापूर्वी ठरले नसेल तर अर्धा काळ निवड करण्यातच सरतो. डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे या धरणांच्या कुकडी प्रकल्पाखालील शेतकरी हे उत्तम जाणतो. पाटाचे पाणी पाळीने येते. वाफे बांधून ठेवले नसतील तर पाळी वाया जाते. त्या वेळी पाण्याला दोष देऊन उपयोग नसतो.

याहून सूक्ष्म एक गोष्ट आहे. दूरच्या ज्योतीचा संकेत यंत्रातील व आकाशातील खरखरीहून कितीतरी क्षीण असतो. तो ओळखू यावा म्हणून तासामागून तास त्याच दिशेस पाहून सर्व तासांची बेरीज करावी लागते. खरखर निम्म्यावर आणावयाची तर तास दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. दहा दिशांना वाटलेले तास अशा रीतीने मिळविता येत नाहीत. स्मरणाची एक घटका झाल्यावर “काहीच जाणवले नाही” म्हणून उठणाऱ्या साधकाने हे गणित ध्यानी घ्यावे. सराळ्याच्या म्हाइंभटांनी लीळासंग्रहाकरिता हेच केले नाही काय? ज्यांनी श्रीचक्रधर स्वामींस पाहिले होते, त्यांच्याकडे जाऊन काय पाहिले, काय ऐकले एवढेच त्यांनी विचारले, आणि जे मिळाले ते श्रीनागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घेतले. विद्वत्ता अंगी असूनही त्या काळात त्यांनी तिची दिशा बदलू दिली नाही.

यावर कोणी आक्षेप घेईल की, साध्य इतके रेखून घेतले तर मन संकुचित होईल, आणि ते साध्यच चुकीचे ठरले तर सर्व आयुष्य वाया जाईल. पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. खोडद येथेही आकाशात अकस्मात काही घडले तर संचालकांच्या अधिकारात थोडा काळ राखलेला असतो. सहसाधक आजारी पडला असता त्याची शुश्रूषा सोडून ठरलेले पारायण पुरे करणारा साध्याला जपत नाही, स्वतःच्या हट्टाला जपतो. आक्षेपाचा दुसरा भाग मात्र गंभीर आहे. ही दुर्बीण योजिली तेव्हा तिच्या मुख्य उद्दिष्टांपैकी एक असे होते की, आरंभीच्या विश्वातील हायड्रोजनचे दीर्घिकासमूहांएवढे प्रचंड ढग शोधावेत. ते ढग सापडले नाहीत. दीर्घिकांच्या जन्माविषयीचा तो सिद्धांतच पुढे मागे पडला. मग श्रम व्यर्थ गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. प्रश्न नेमका होता म्हणूनच “नाही” हे उत्तर मिळू शकले. अस्पष्ट साध्याला नकारही मिळत नाही. ते जन्मभर तसेच लोंबकळत राहते. शिवाय त्या प्रश्नासाठी घडविलेले साधन पुढील प्रश्नास उपयोगी पडले. ऑक्टोबर २०२० मध्ये याच दुर्बिणीवरील सुमारे १०० तासांच्या निरीक्षणांतून ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र मिळवून, सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजनचे सरासरी मान प्रसिद्ध झाले. त्यांतील एकेका दीर्घिकेचा संकेत स्वतंत्रपणे ओळखूही येत नव्हता. डॉ. स्वरूप यांचे देहावसान त्याच वर्षी ७ सप्टेंबर रोजी झाले होते.

हे विवेचन भिक्षूंपुरतेच आहे असे वासनिकांनी समजू नये. काळ थोडा असलेल्यालाच त्याची वाटणी अधिक आवश्यक आहे. रात्रीच्या पाळीला दारे धरणारा शेतकरी एक वाफा भरेपर्यंत बांधावर मोकळा असतो. त्या वेळात कोणत्या लीळेचे स्मरण करावयाचे हे त्याने वाफे बांधतानाच ठरवून ठेवावे, आणि पुढल्या पाळीलाही तीच लीळा घ्यावी.