हंगामी सत्ता आणि प्रतीक्षेची किंमत

राजसत्ता कोसळली आहे आणि लोकनियुक्त सभा अद्याप भरलेली नाही, अशा मधल्या काळात कारभार पाहणाऱ्या सरकारला अधिकार कोठून प्राप्त होतो? अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची चिकित्सा करताना झाक देरिदा यांनी दाखवून दिले की, ज्या जनतेच्या नावाने स्वाक्षरी होते ती जनता स्वाक्षरीपूर्वी तशी अस्तित्वातच नसते. हा पेच जसा संहितेचा, तसाच नीतीचाही आहे.

२४ फेब्रुवारी १८४८ रोजी फ्रान्समध्ये लुई फिलिपने राज्यत्याग केला आणि कवी लामार्तिन ज्यात अग्रभागी होता असे हंगामी सरकार स्थापन झाले. या सरकारने प्रजासत्ताकाचा पुरस्कार केला, तोही जनतेच्या संमतीच्या अटीवर. मग त्याने अपरिवर्तनीय निर्णय घ्यावेत काय? सनदशीर विवेक नकारार्थी उत्तर देईल.

परंतु याच सरकारने २७ एप्रिलला वसाहतींतील गुलामगिरी नष्ट करणारा हुकूम काढला. संविधानसभेची निवडणूक २३ एप्रिलला झाली होती. सभा भरणार होती ४ मे रोजी. एक आठवडा थांबण्यात काय बिघडले असते, असा प्रश्न येथे संभवतो. मात्र तो विचारणारा कोण, हे आधी पाहिले पाहिजे. सुमारे अडीच लाख गुलामांना त्या मतदानात स्थान नव्हते. ज्यांना मत नाही त्यांचे स्वातंत्र्य इतरांच्या मतावर सोपविणे, ही लोकशाहीची मर्यादाशीलता नव्हे; तो अन्यायाला दिलेला मुदतवाढीचा परवाना होय. उलट, मालकांच्या नुकसानभरपाईची रक्कम ठरविण्याचे काम हुकुमाने सभेवर सोपविले. मालमत्तेचा हिशेब थांबू शकत होता. माणसाचे दास्य थांबवून धरता येण्याजोगे नव्हते.

तथापि, हुकुमानेही वसाहतीत तो जाहीर झाल्यापासून दोन महिन्यांची मुदत ठेवली होती. मार्तिनिकमधील गुलामांनी ती मानली नाही. २२ मे रोजी तेथे उठाव झाला आणि हुकूम बेटावर पोहोचण्यापूर्वीच, २३ मे रोजी, गव्हर्नरला मुक्ती जाहीर करावी लागली. प्रतीक्षेची किंमत जो भरतो, तिची मुदत ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले.

तात्पर्य, हंगामी सत्तेच्या निर्णयाची कसोटी केवळ तो पुढे फिरविता येतो की नाही, ही नव्हे. थांबण्याचा भार कोणावर पडतो आणि त्याचा आवाज येऊ घातलेल्या सभेत असणार आहे काय, हे प्रश्न अधिक मूलभूत आहेत. जेथे उत्तर नकारार्थी येते, तेथे सत्तेचे हंगामीपण हे निष्क्रियतेचे समर्थन ठरू शकत नाही.