नऊ आठवड्यांची मालकी

बदलीच्या नोकरीत ज्याचे निम्मे आयुष्य गेले, त्याला निरोप घेण्याची रीत निराळी शिकवावी लागत नाही. सामानाची बांधाबांध, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, दूधवाल्याचा शेवटचा हिशेब, शेजाऱ्यांच्या स्वाधीन केलेल्या तुळशीच्या कुंड्या, ही सर्व कामे आपल्यासारख्यांच्या अंगवळणी पडलेली असतात. परंतु निरोप घेणाऱ्याची म्हणून काही नीती असते काय, आणि असल्यास ती मागे राहणाऱ्याच्या नीतीहून वेगळी असते काय, हा प्रश्न आम्हांला सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कधी पडला नव्हता. तो पडला एका जुन्या मोटारीमुळे. प्रसंग क्षुल्लक आहे. तथापि बदलीच्या चक्रात फिरणाऱ्या वाचकांना तो अपरिचित वाटणार नाही, या भरवशावर येथे सांगत आहोत.

तीन वर्षांपूर्वी आमची दोन वर्षांसाठी परदेशी प्रतिनियुक्ती झाली. त्या वेळी आम्ही दिल्लीत होतो. हुकूम हाती पडताच पहिली घाई केली ती आमची स्वतःची गाडी विकण्याची. गिऱ्हाईक ओळखीचे होते, भाव चांगला आला, आणि निघायच्या वेळी गाडी पडेल किमतीत द्यावी लागते हा अनुभवी सहकाऱ्यांचा उपदेश कानांत घुमत होता. गाडी गेली, आणि मग कळले की व्हिसा, मंजुऱ्या आणि प्रवासाची तारीख हे सर्व जुळून येण्यास अजून नऊ आठवडे आहेत. एरवी दिल्लीत मेट्रोने कचेरी गाठणे कठीण नाही. परंतु त्याच वर्षी आमच्या मातोश्रींच्या खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली होती. आम्ही निघाल्यावर त्या पुण्यास धाकट्या बंधूंकडे जाणार होत्या. तोवर आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामोपचारासाठी रुग्णालयात नेणे भाग होते. तेव्हा नऊ आठवड्यांपुरती, आणि शक्य तितक्या स्वस्तात, गाडी कोठून आणावी या विवंचनेत आम्ही पडलो.

चालकासह महिनेवारी टॅक्सीचा भाव विचारला, तो दोन महिन्यांचा आकडा सत्तर हजारांच्या घरात गेला. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली, स्वतः चालवण्याची भाड्याची गाडी त्याहून थोडी स्वस्त. पण तीही आमच्या अंदाजाबाहेरची. एका परिचिताने आपल्या शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ‘आपसांत’ महिन्याच्या बोलीवर मिळवून देण्याची तयारी दाखवली. ती सर्वांत स्वस्त होती. परंतु गाडी भाड्याने देण्यास परवाना लागतो, आणि खासगी गाडी भाड्यासाठी वापरली तर विमा कंपनी अपघाताच्या वेळी हात वर करू शकते. म्हणजे तिच्या स्वस्ताईचा काही भार रस्त्यावरच्या एखाद्या अनोळखी माणसाच्या माथी जाण्याचा संभव होता. एका स्नेह्यांनी आपली दुसरी गाडी फुकट देऊ केली. ती घेण्यास मन धजेना. उसनवारी फेडायला माणसाने गावात राहावे लागते, आणि आम्ही तर निघालेलो.

अखेर करोलबागेतील एका मिस्त्रीच्या मध्यस्थीने अकरा वर्षे चाललेली एक लहान पेट्रोल गाडी आम्ही नव्वद हजारांना विकत घेतली. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिल्लीत पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई लागू झाली होती. त्यामुळे अशा उतारवयातील गाड्या तेथे स्वस्त मिळत. आमचा हिशेब सरळ होता. नऊ आठवडे वापरावी, पाचसहा हजार कमी घेऊन विकून टाकावी, आणि विमानात बसावे. हा हिशेब आम्ही कचेरीत चारचौघांना मोठ्या अभिमानाने सांगितलाही.

तिसऱ्या आठवड्यात, रुग्णालयातून परतताना, वाहनांच्या गर्दीत तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागला. मिस्त्रीने झाकण उघडून पाहिले आणि सांगितले, “हेड गॅस्केट जायला लागली आहे. पुरते काम करायचे तर अठरा हजार. पण तुम्हांला दोनच महिने हवी आहे ना? रोज सकाळी पाणी बघत जा, तेवढी चालेल.” आम्ही रोज सकाळी पाणी बघू लागलो. ज्याने आम्हांला ही गाडी विकली त्याला हे ठाऊक असलेच पाहिजे, असे म्हणून त्याला मनातल्या मनात लाखोलीही वाहिली.

सातव्या आठवड्यात आम्ही गाडी विकावयास काढली. पहिला आला तो नुकताच साताऱ्याहून बदलून आलेला एक तरुण मराठी अधिकारी. ‘काका, बघू का जरा?’ असे म्हणत त्याने बॉनेटला हात घातला, आणि आम्ही त्याला न विचारता सर्व सांगून टाकले. घरचाच मुलगा, त्याला कसे फसवणार? तो आभार मानून, आणि गाडी न घेता, चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी हरियाणातील एक शाळामास्तर आले. गाडी चालवून पाहिली, सकाळची थंड वेळ असल्याने काटा जागचा हलला नाही. ते म्हणाले, “आपण सरकारी अधिकारी आहात. आपण काही बोलला नाहीत, तर गाडीत काही खोट नाही असे मी धरून चालतो.” आम्ही काही बोललो नाही. त्यांनी पाच हजार विसार दिला. सौदा शहाऐंशी हजारांना ठरला.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा आम्ही कायद्याचा आधार शोधू लागलो. अधिकाऱ्याची ती खोडच असते. १८७२ च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमात, केवळ मौन म्हणजे कपट नव्हे, असे म्हटले आहे. तेथे उदाहरण घोड्याचे आहे: लिलावात सदोष घोडा विकणारा गप्प राहिला, तर ते कपट होत नाही. आम्हांला हायसे वाटले. परंतु त्याखाली आणखी दोन उदाहरणे आहेत. घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच त्याच्यावर बोलण्याचे कर्तव्य येते. आणि घेणारा जर म्हणाला की तुम्ही नाकारले नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन, तर विकणाऱ्याचे मौन हे बोलण्यासारखेच होय. दीडशे वर्षांपूर्वी घोड्यावर लिहिलेल्या त्या चार ओळींत साताऱ्याचा तरुण होता, शाळामास्तर होते, आणि आम्हीही होतो.

कायद्याने आम्हांला पकडले ते मास्तरांच्या एका वाक्यामुळे. ते वाक्य त्यांनी उच्चारले नसते तर? प्रश्न खरा तेथे सुरू होतो. इसवी सनापूर्वी ४४ व्या वर्षी सिसेरोने कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात हाच वाद आहे. एका गृहस्थाला घर विकायचे आहे. ते राहण्यास अपायकारक आहे हे त्याच्यावाचून कोणास ठाऊक नाही. त्याने सांगावे काय? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, कायदा मागेल तेवढे सांगावे. घेण्याची सक्ती तर कोणी केलेली नाही. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यासारखे हे आहे, किंबहुना त्याहून वाईट. सिसेरोचा कौल अँटिपेटरच्या बाजूचा आहे. जे जाणण्यात समोरच्याचे हित आहे ते आपल्या लाभासाठी त्याच्यापासून राखून ठेवणे, हे सरळ माणसाचे काम नव्हे, असे त्याचे म्हणणे.

आमच्याजवळ मात्र एक युक्तिवाद उरला होता, आणि तो आजही आम्हांला अगदीच पोकळ वाटत नाही. ही खोट आम्ही निर्माण केलेली नव्हती. मागच्याने ती आमच्या गळ्यात बांधली, आम्ही ती पुढच्याच्या गळ्यात बांधतो. अठरा हजारांचा भुर्दंड आम्हीच का सोसावा? परंतु हाच प्रश्न मागच्यानेही विचारला असेल, आणि मास्तरही पुढे विचारतील. असा तोटा हातोहात सरकत राहतो आणि शेवटी जो कोणी सर्वांत अजाण किंवा सर्वांत गरीब असेल, त्याच्या दारात भर उन्हात बंद पडतो. जो कोणी तो मध्येच थांबवील त्याला दुसऱ्याच्या अप्रामाणिकपणाची किंमत भरावी लागणार. हा न्याय नव्हे, हे आम्ही मान्य करतो. पण तो थांबवण्याचा याहून दुसरा उपाय आम्हांला सुचलेला नाही.

सकाळी चहाच्या वेळी मातोश्रींनी सहज विचारले, “त्या साताऱ्याच्या पोराला पाण्याचं सांगितलंस. या मास्तरांना सांगितलंस ना?” आम्ही म्हटले, “ते वेगळे.” त्या म्हणाल्या, “का रे? त्यांच्या घरी कोणी म्हातारं नाही?” सत्तावीस वर्षे आम्ही परप्रांतात राहिलो, तेथल्या लोकांचे मीठ खाल्ले, आणि खरे बोलण्याचा प्रसंग आला तेव्हा आमचा मराठी बाणा एवढाच निघाला की आपल्या माणसाला सांगावे आणि परक्याला सांगू नये. त्यातून आम्ही परदेशी निघालेले. दृष्टीआड सृष्टी!

आम्ही मास्तरांना दूरध्वनी केला आणि सर्व सांगितले. ते कौतुकाने भारावून जातील अशी आमची अपेक्षा असेल, तर ती व्यर्थ ठरली. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “साहेब, आणखी काय काय आहे?” १९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, पुढे २००१ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत तो होता. विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा प्रत्येक गाडी खराबच धरून भाव करतो आणि चांगल्या गाड्या बाजारातून उठून जातात, असा त्याचा सिद्धांत. मास्तरांचा प्रश्न म्हणजे त्या सिद्धांताचे मूर्तिमंत रूप होते. त्यांनी आपला मिस्त्री आणला, अठरा हजार कमी केले, आणि गाडी अडुसष्ट हजारांना नेली. आमचा नऊ आठवड्यांचा खर्च सहाच्या जागी बावीस हजार झाला. तरीही तो टॅक्सीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतबाहेरच होता, हे त्या रात्री आम्ही एकदाही मोजून पाहिले नव्हते.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. हस्तांतराच्या २९ आणि ३० क्रमांकांच्या कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून गाडी दलालाच्या स्वाधीन करावी आणि निघून जावे, ही परदेशी जाणाऱ्यांची सर्रास रीत आहे. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गाडी अनेक हात फिरली असली तरी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच भरपाईच्या बाबतीत मालक समजावा. आमचे नाव जाऊन मास्तरांचे नाव चढेपर्यंत आम्ही पाठपुरावा केला. त्यात सदाचार किती आणि भीती किती, हे सांगता येणार नाही. पण माणूस निघून गेला तरी त्याची सही मागे राहते, एवढे कायद्यालाही कळलेले दिसते.

परवा पुन्हा बदलीचा हुकूम आला. या खेपेस भोपाळ. विकावयाच्या वस्तूंची यादी करताना आम्ही प्रत्येक वस्तूपुढे किमतीचा रकाना आखला. सौभाग्यवतींनी त्याच्या शेजारी दुसरा रकाना आखून वर लिहिले, ‘काय सांगायचे’. कपडे धुण्याच्या यंत्रासमोर तेथे बरेच लिहावे लागले आहे.